नऊ नंबरची हवा

नऊ नंबरच्या घरातली काकू उष्माघाताने गेली. त्या दुपारी घरातले तापमान, उपकरणाच्या नोंदीनुसार, एकतीस अंशांच्या वर चढले नव्हते. पुढे घराला कुलूप लागले. आणि आता रोज दुपारी त्या बंद घरात कोणीतरी श्वास घेत होते.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधिका पडद्यावरची रेषा न्याहाळत बसली होती. दरवर्षी वाढणाऱ्या उन्हाळ्यात एखादी वस्ती कशी तग धरते, हा तिच्या प्रबंधाचा विषय. गल्लीतल्या निम्म्या घरांत, चिठ्ठ्या टाकून, मुठीएवढी उपकरणे बसवली होती. ती उष्णता मोजत, हवेतला कार्बन डायॉक्साइड मोजत आणि खोली धोक्याइतकी तापली की त्या घरच्या माणसाच्या फोनवर घंटा वाजवत. उरलेली घरे केवळ तुलनेसाठी. त्यांना काहीच नाही. एकदा उपकरण बसले की घरात पुन्हा पाऊल टाकायचे नाही, हा तिच्या मार्गदर्शक सरांचा दंडक होता. पाहुणे आले की माणसे वेगळी वागतात.

कुलपाआडच्या घरात कार्बन डायॉक्साइड भर दुपारी चढे आणि ऊन कलले की उतरे. खोली बंद करून कोणी झोपावे, अगदी तसा.

"थोडा कमीच आहे," शेजारच्या टेबलावरून दशांश म्हणाला. आकडेमोड सांभाळणाऱ्या या सहकाऱ्याला सगळे याच नावाने ओळखत. "धडधाकट माणसाच्या पाऊणपट. काकू जेमतेम श्वास घेतायत."

"भुताला कार्बन डायॉक्साइड सोडायची काय गरज?"

"सवय, बाई. इतक्या वर्षांची."

तिला हसू आले नाही. मांजर इतकी हवा बिघडवत नाही. गॅसची टाकी कधीच हलवली होती. उपकरण बिघडते तेव्हा ते वाटेल तसे भरकटते. दुपारची वेळ पाळत नाही. एकेक कारण खोडत गेल्यावर जे उरले, ते मान्य करण्यासारखे नव्हते.

सरांनी मात्र सरळ विचारले, "उपकरण बरोबर आहे की चूक?"

"तेच कळत नाहीये, सर."

"उद्यापर्यंत कळू दे. बरोबर असेल, तर काकू उन्हानं गेल्या नाहीत असं लिहावं लागेल. मग नगरपालिका गल्लीला सावलीची छतं कशाला देईल? आणि चूक असेल, तर बाकीच्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार? अहवालच बाद."

"पण पत्र्याखाली एकतीस अंश? मला नाही वाटत."

"वाटणं कोणत्या एककात मोजतेस?"

दंडक मोडून ती गल्लीत गेली.

घर दोन भावांचे होते. वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत उभी राहिली. थोरल्याकडे स्लॅबची बाजू गेली, धाकट्याकडे, म्हणजे काकूकडे, पत्र्याची. दोन्ही भाऊ आता नव्हते. काकूच्या घराची किल्ली थोरल्या घरातल्या पुतणीकडे होती, आणि संशोधिकेने फोनवर विचारले की ती नेमकी हरवलेली असे.

"आजही सापडत नाही, ताई."

"सापडेपर्यंत बसते," म्हणत संशोधिकेने पायरीवर बैठक मारली.

"भलत्याच चिवट आहात हो."

"त्याचाच तर पगार मिळतो."

पुतणीने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडले.

आतल्या धगीने संशोधिका दारातच थबकली. अंथरुणाची वळकटी, पालथी घातलेली भांडी, सगळ्यावर धुळीचा थर. त्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. तिने पिशवीतला तापमापक बाहेर काढला. चव्वेचाळीस. फोनवर नऊ नंबरचे घर एकतीस दाखवत होते, आणि श्वासाची रेषा तिच्या डोळ्यांदेखत वर सरकत होती.

उपकरणाच्या जागी भिंतीत नुसता खिळा होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकल्याची बारीक उबळ आली. संशोधिका भिंतीकडे वळली.

"आई आहे," पुतणी म्हणाली. "अंथरुणाला खिळलीय. मी दुकानात गेले की दुपारी एकटीच असते. झळ लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून जाते."

"उपकरण तिथे आहे?"

"काकूनंच दिलं. आमच्या घराची चिठ्ठी निघाली नाही ना."

"पण त्या दोघी जावा एकमेकींचं तोंडही बघत नव्हत्या, असं सगळी गल्ली सांगते."

"नव्हत्याच बघत. आईला अजून वाटतं, विद्यापीठानं दिलंय. काकूचं आहे म्हणून कळलं तर फेकून देईल. आणि तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही नेलं असतं." तिने पदराने गळा पुसला. "घंटा काकूच्याच फोनवर वाजायची. वाजली की मला दुकानात फोन. 'जा, तुझ्या आईशीला पाणी पाज. मी सांगितलं म्हणू नकोस.'"

"आणि एरवी?"

"एरवी इथंच, या भिंतीशी. चिंचेखाली सावलीत बस म्हणून किती कानीकपाळी ओरडले. म्हणायची, तिथून हिचा खोकला ऐकू येत नाही. त्या दिवशी मी आले, तेव्हाही इथंच टेकून बसली होती. मांडीवर फोन."

संशोधिकेने निष्कर्ष तिथेच, उभ्या उभ्या लिहिला. उपकरण निर्दोष आहे. घटनेच्या दुपारी ते शेजारच्या घरात, स्लॅबखाली, जाऊबाईंच्या उशाशी होते. तिथे एकतीस अंश होते, म्हणून घंटा वाजली नाही. काकू पत्र्याखाली ती वाजण्याची वाट पाहत बसून राहिली.