उदाहरणाची ओळ

शब्दकोश करणारा बाप जन्मभर इंग्रजी शब्दांच्या मागे हात धुऊन लागला होता. लेक तापानं फणफणली, तरी मान वर न करता म्हणायचा, "थांब, एवढा शब्द संपवतो." आता अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात लुळा पडला आणि शब्दांची उरलेली कार्डं निस्तरायला लेक उशाशी बसली. शेवटचं कार्ड तिनं मोठ्यानं वाचलं. "डिमल्संट. आतली जळजळ शमवणारं औषध. मूळ शब्द लॅटिन, अर्थ हळुवार हात फिरवणं." खाली उदाहरणाची ओळ कोरी होती. घरातलं उदाहरण दिल्याशिवाय तो कार्ड खणात टाकत नसे. "बाबा, इथं काय लिहू?" "नाही सुचलं गं," तो अडखळत म्हणाला. "एकही आठवेना." त्याचे डोळे भरले आणि डोकं तिच्याकडे कललं. त्याला काय हवंय, ते तिला कळलं. तिचा हात धडधाकट होता, तरी कार्डावरून हलेना.