आबांचं सोडियम

आयुष्यभर कपडे शिवणारे आबा अचानक बरळू लागले, लेकीलाही ओळखेनात. मुलानं “म्हातारचळ लागलाय” म्हणत वृद्धाश्रमात जागा बघितली. लेकीला ते पटेना. तिनं त्यांना तडक दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई संतापल्या. “यांचं डोकं शाबूत आहे. रक्तातलं सोडियम घसरलंय, म्हणून बरळतायत. यांच्या रक्तदाबाच्या गोळीनं मूत्रपिंडं मीठ लघवीवाटे सोडतात. त्यात जेवण अळणी कुणी केलं?” मुलानंच केलं होतं, कुठंतरी वाचून. सलाइननं सोडियम हळूहळू चढलं, तसं आबांनी लेकीला नावानं हाक मारली. घरी आले तर त्यांच्या खोलीत नवा सोफा, शिलाई मशीन जिन्याखाली. आबांनी सोफा ढकलत बाहेर काढला, मशीन आत ओढलं. दारात मुलगा चुळबुळला, “आबा, तुम्हाला तेव्हा कळत नव्हतं हो.” आबा रागानं त्याच्याकडे वळले. “मला कळत नव्हतं. तुला तर कळत होतं ना?”