शेवटच्या माणसाची वाट

घड्याळजी वळणावर पोचला, तसा कॅप्टन टाळ्या वाजवत उठला. “आला रे. चला, निघू या.”

घड्याळजीचा एक पाय अजून पॅडलवरच होता. वकिलाने हेल्मेटचा पट्टा आवळला. दंतवैद्याने कठड्यावर केळ्यांच्या साली नीट ओळीने मांडून ठेवल्या होत्या. त्यांत घड्याळजीच्या वाटणीच्या केळ्याचीही एक होती. ते काळं पडलं असतं, असं त्याने तोंड पुसत सांगितलं.

खिंडीच्या रस्त्यावरचा हा तिसरा थांबा. गटाची रीत मोठी उदार होती: कोणालाही मागे टाकून जायचं नाही. पुढचे तिघे पुढे जात, सावली बघून शेवटच्याची वाट बघत बसत, आणि तो आला की लगेच निघत. किती वेळ वाट बघितली, ते वकील त्याला दर वेळी मोबाइलमध्ये बघून सांगे. पहिल्यांदा चौदा मिनिटं, मग सतरा, आता वीस.

घड्याळजीचा जन्म सेकंद दुरुस्त करण्यात गेला होता. पहिल्या दोन थांब्यांवर त्याच्या वाट्याला मिळून अडीच मिनिटं आली होती. सर्वांत जास्त दमलेल्याला सर्वांत कमी विश्रांती मिळत होती. त्यामुळे तो आणखी मागे पडत होता, आणि त्यामुळे बाकीच्यांची विश्रांती आणखी वाढत होती. गणित अगदी स्वच्छ होतं. पण उपकार करणाऱ्यांना गणित दाखवू नये, एवढं त्याला कळत होतं.

“भाऊजी, मला दहा मिनिटं टेकू द्या,” तो कॅप्टनला म्हणाला. “मग मी एकदम खिंडीतच थांबतो.”

“अजून दहा? वकीलसाहेब, सांगा ह्याला.”

“वीस मिनिटं नुसते तुझ्यासाठी बसलोय,” वकील म्हणाला. “आमचे स्नायू गार पडतात, त्याचं काय?”

“लय तुटते रे,” दंतवैद्य म्हणाला. “मी तर सायकलवरून उतरलोही नसतो.”

मागून गटाची गाडी येऊन थांबली. चालवत होती घड्याळजीची थोरली बहीण, म्हणजे कॅप्टनची बायको. गाडीत पाणी होतं, पंक्चरचं सामान होतं आणि एक रिकामी सीट होती. त्या सीटचा नियम कॅप्टनने स्वतः तयार केला होता: गाडीत चढला तो गटातून उतरला. दोन जण असे उतरले होते. आता ते रविवारी उशिरापर्यंत झोपतात आणि सुखी आहेत, असं ऐकिवात होतं.

घड्याळजीला ते सुख नको होतं. वर्षभर दुकान उघडण्याआधी तो पाण्याच्या टाकीची टेकडी रोज दोनदा चढला होता. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या या माणसाला खिंडीपलीकडचं जग एकदा दोन्ही डोळ्यांनी बघायचं होतं, आणि तेही स्वतःच्या पायांवर जाऊन.

“तुला एकट्याला सोडून जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही,” कॅप्टन म्हणाला. “तेव्हा तू आता गाडीत बस. आम्हालाही जरा मोकळं पळू दे.”

“आणि मग गटातून नाव काढणार का त्याचं?” बहिणीने खिडकीतून विचारलं.

“मेहुणा असला म्हणून काय? नियम म्हणजे नियम.”

“बस रे आत,” ती भावाला म्हणाली. “त्यांना पळायचंय ना, पळू दे.”

सायकल टपावर बांधली गेली. घड्याळजी मान खाली घालून रिकाम्या सीटवर बसला. सीट मऊ होती, हे त्याला फार लागलं.

तिघे सुटले ते बाण सुटावेत तसे. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर पाण्याचा नळ होता आणि वर झाडाची गार सावली होती. दंतवैद्याने तिच्याकडे, सासरी निघालेल्या मुलीने माहेराकडे बघावं तसं बघितलं. पण थांबला नाही. कोणीच थांबलं नाही. मागे कोणी राहिलंच नव्हतं.

पुढच्या सावलीशी वकिलाने मान वळवून मागे बघितलं. मागे फक्त गाडी होती. त्याच्या पुढच्या सावलीशी त्याने पुन्हा बघितलं.

“हा सारखा मागे काय बघतोय?” बहीण म्हणाली.

“गाडी फार जवळ आली असेल, ताई. थोडी मागे घे.”

तिने वेग कमी केला. काटा बारावर आला, मग नऊवर, मग सहावर. याच चढावर आपण आठने चढलो असतो, हे घड्याळजीच्या लक्षात आलं, आणि आपलाच अंदाज चुकतोय असं समजून त्याने ते सोडून दिलं. पुढे दंतवैद्याची सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चालली होती. स्नायू मात्र कोणाचेही गार पडले नव्हते.

आणखी चार वळणांनी कॅप्टनने हात वर केला. सायकल त्याने उभी केली नाही, रस्त्यावरच आडवी सोडली. तो गाडीपाशी आला आणि खिडकीची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. त्याचा चेहरा मघाशी लाल होता, आता पांढरा पडत होता. घड्याळजी सावरून बसला. आता आपलं नाव रीतसर काढलं जाणार, हे त्याने ओळखलं.

“नियमाचं आपण बघू नंतर,” कॅप्टन म्हणाला. त्याच्या दर शब्दामागे एक श्वास होता. “तू सायकल काढ. तीन वळणं खाली जा, आणि मग ये वर. सावकाश ये, अगदी सावकाश. आम्ही इथे तुझ्यासाठी थांबतो.”