टॉवेल-टोपी

सहकारी कौतुक दिनाला चिंचोळीतल्या टॉवेल कारखान्यात साहेबांनी अजिनाथला पुढं बोलावलं. गेल्या महिन्यात मागात सापडून तात्याबाचा हात फाटला, तेव्हा अजिनाथनंच तयार मालातला पांढरा टॉवेल ओढून, दातानं किनार फाडून, जखमेवर आवळून बांधला होता. ‘एक्स्पोर्टच्या मालाची वाट लावलीस!’ म्हणून त्याच्यावर खेकसलेले हेच साहेब आज माईकवर माणुसकीचे गोडवे गात होते. रीतीप्रमाणं साहेबांनी त्याला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेतला तात्याबा तर एकाच धड हातानं मांडी बडवत होता. अजिनाथनं घडी उलगडली. धुऊनही न गेलेला तपकिरी डाग दिसला. फाटलेली किनार नुसती शिवली होती. त्यानं तोच टॉवेल साहेबांच्या गळ्यात घातला. “तात्याबाचं रगात हाय साहेब, तुमालाच शोभतंय. काढा की आता फोटो!”