हळदीचा रोल

गहिनीनाथच्या लॅबमध्ये एकाच कॅमेऱ्यातले फोटो दोन तऱ्हेचे यायचे. बड्या घरचे रोल तो ताज्या केमिकलात धुवायचा आणि वस्तीवरचे मागं ठेवायचा, जुनं केमिकल ओतून द्यायच्या आधी त्यातच उरकायला. वस्तीवरच्या तीन लग्नांत निळे झेंडे राखाडी आले आणि गिऱ्हाइकं फोटो काढणाऱ्या राजश्रीवर उखडली. ती जाब विचारायला गेली, तर गहिनीनाथ हसला, "राजश्रीबाई, आधी कॅमेरा धरायला शिका. ह्या काय भाकरी हायत का थापायला?"

मग त्याच्याच लेकीचं, सायलीचं लग्न निघालं. हळदीला बायकांत पुरुष फोटोग्राफर नको, म्हणून केजमधल्या एकुलत्या एका फोटोग्राफर बाईला बोलावणं त्याला भाग पडलं. राजश्रीनं मन लावून फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी दोन रोल स्वतःच्या हातानं नावं लिहून लॅबमध्ये दिले: एक हळदीचा, एक वस्तीवरच्या लग्नाचा.

संध्याकाळी राजश्री पाकिटं न्यायला आली, तेव्हा हळदीचे फोटो बघायला विहीणबाईही लॅबमध्ये येऊन बसल्या होत्या. रोलवरची नावं तेवढी बघून घाईघाईत पाकिटं भरून गहिनीनाथनं हळदीचं पाकीट ऐटीत त्यांच्या हाती दिलं. आत वस्तीवरचे नवरा-नवरी, आणि मागं झेंडे निळेशार.

"कलर लई झ्याक हायत हो," विहीणबाई म्हणाल्या, "पण ही पोरगी कोण म्हणायची?"

"मग माझी सायली कुठं हाय?" गहिनीनाथ ओरडला.

 

राजश्रीनं वस्तीच्या नावाचं पाकीट पुढं सरकवलं. त्यात जुन्या केमिकलातून निघालेली सायली, अंगभर शेवाळ फासल्यागत हिरवीगार बसली होती.