कोऱ्या नकाशावरची पायवाट

आमच्या नकाशाच्या संकेतस्थळावर कोणीही रस्ते काढू शकतं. नवे बदल आधी तपासून पाहावेत म्हणून मी त्याची एक प्रत घरच्या संगणकावर बसवली. अशी प्रत सुरुवातीला कोरी असते. तिच्यात ना रस्ता असतो, ना घर.

माझ्या प्रतीत एक पायवाट होती. आमच्या दारापासून तळ्याच्या दिशेने चाळीस मीटर. काढणाऱ्याचं नाव नव्हतं, पण शेरा होता: ‘बाबा इथपर्यंत आले.’

जुनी माहिती राहिली असेल, असं समजून मी सगळं पुसलं, इंटरनेट बंद केलं आणि प्रत पुन्हा बसवली. आता पायवाट एकशे दहा मीटर होती. शेरा तोच.

माझे बाबा शेजारच्या खोलीत होते. मांडीचं हाड मोडल्यापासून आठ महिने ते पलंगावरून उतरलेले नाहीत.

मी दारातून विचारलं, “बाबा, इथून तळ्याकडे पायवाट जाते का हो?”

“नकाशे तू करतेस की मी?” ते हसले. त्यांना धाप लागली होती.

“दमलात कशाने?”

“मध्ये चढ आहे ना.”

मी दुसऱ्यांदा पुसायला नको होतं. पण दोन मोजमापांवर कशाचीच खात्री होत नाही.

या वेळी पायवाट पाण्याच्या काठाला टेकलेली होती.

मी बाबांना हाक मारली.

“थांब जरा,” ते पलीकडे हळूच कुणाला तरी म्हणाले, “मुलगी बोलावतेय.”