पोळपाटाखालचा मोर

भंगारात मिळालेल्या पोळपाटाच्या तळाला कुणीतरी मोर रंगवला होता. तीन महिने मी कापसाच्या बोळ्याने त्याच्यावरची काजळी उतरवली आणि पक्का लेप दिला. प्रदर्शनात हा विकला गेला तरच प्रयोगशाळेतली नोकरी सोडून पूर्णवेळ हेच काम करायचं, अशी घरी अट ठरली होती.

शेवटच्या दिवशी एक आजी आल्या. त्यांनी मोर पालथा घातला आणि पोळपाट डुगडुगतो का, दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

"शिसवी दिसतोय. असा जड हल्ली मिळतो कुठे?" किंमत ऐकूनही त्यांनी घासाघीस केली नाही. एवढंच विचारलं, "खालचं चित्र घासल्यावर निघेल ना गं?"

"नाही निघणार."

"मग राहू दे तसंच. खाली कोण बघतंय?" म्हणत त्यांनी पैसे मोजून दिले.

अट फक्त विकला जाण्याची होती. सोमवारी मी राजीनामा दिला.